रूथताईंच्या गच्चीखाली

माणसाने शेजाऱ्याच्या पगारावर जळावं, गाडीवर जळावं, मुलांच्या मार्कांवर जळावं. त्याला निदान जनरीत म्हणता येतं. मी अकरा वर्षं एका बाईच्या कढीपत्त्यावर जळत होते. नुसत्या कढीपत्त्यावर नाही, तिच्या अबोलीवर, अळूवर, गवती चहावर, आणि शेवटी शेवटी सोनचाफ्यावर तर इतकी, की घरात कुणी रूथताईंचं नाव काढलं की माझ्या हातून भांडी जरा जोरातच ठेवली जायची.

रूथताई साळवे मूळच्या नगरच्या. नर्स म्हणून दिल्लीत आल्या आणि एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी घेतला, तो केवळ त्याला लागून गच्ची होती म्हणून. लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, हे सगळं त्या घेतानाच जाणून होत्या. मी तिसऱ्या मजल्यावर. त्यांची गच्ची बरोबर माझ्या बेडरूमच्या डोक्यावर. सकाळी सहाला त्यांच्या सपाता फटक फटक करत कुंड्यांमधून फिरायला लागल्या की मी खाली डोळे मिटून मोजायची, आता गुलाबापाशी, आता अळूच्या टबापाशी.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या खाली आल्या. "मी वरची साळवे," एवढं म्हणाल्या, आणि मी पाण्याचा ग्लास आणेपर्यंत थेट बाल्कनीत. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं तरी नर्सचं ते उलटं लटकणारं घड्याळ पदराला पिन केलेलं होतं. पुण्याहून ट्रेनमध्ये मांडीवर ठेवून आणलेली सासूबाईंची तुळस माझ्याकडे पिवळी पडत चालली होती. रूथताईंनी मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसलं आणि विचारलं, पाणी किती वेळा घालतेस. मी अभिमानाने सांगितलं, दोनदा. "पेशंट तहानलेला नाही, बुडालाय," त्या म्हणाल्या आणि कुंडी काखेत मारून निघून गेल्या. तीन आठवड्यांनी तुळस परत आली ती मंजिऱ्यांनी लगडलेली. मी तोंडभर आभार मानले, आणि दार लावल्यावर नवऱ्याला म्हणाले, "काहीतरी औषध घातलं असणार." माझ्या जळण्याचा तो पहिला दिवस.

त्यांच्या गच्चीच्या उत्तरेच्या भिंतीला हिरव्या जाळीखाली एक वॉर्डच होता. सोसायटीभरातली मरायला टेकलेली झाडं तिथे दाखल व्हायची. प्रत्येक कुंडीत आइसक्रीमची एक काडी खोचलेली, तिच्यावर फ्लॅटचा नंबर, दाखल केल्याची तारीख आणि तक्रार. सलाइनच्या जुन्या बाटल्या उलट्या टांगून त्यातून थेंब थेंब पाणी. मालकांना भेटायची वेळ चार ते पाच. एकदा समोरच्या बिल्डिंगमधले भल्लाजी आपला क्रोटन बघायला सकाळी दहाला आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. नोव्हेंबरात दिल्लीची हवा राखाडी झाली की त्या ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "यांना मास्क लावता येत नाही ना." हिंदी बोलणारे सगळे त्यांना सिस्टरजी म्हणत आणि रूथताई झाडांशी ज्या आवाजात बोलायच्या त्याच आवाजात बोलत या लोकांचं ब्लडप्रेशरही बघायच्या.

माझीही बाग होती. होती म्हणजे, नर्सरीतून दर सीझनला विकत आणायची आणि दर सीझनला मरायची. मी कोकोपीट आणलं, गांडूळखत आणलं, मोहरीची पेंड भिजवून तिचा तो प्रेतासारखा वास घरभर केला. बाल्कनी ईशान्येला आहे म्हणून ऊन कमी, असं मी सगळ्यांना सांगायची. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण नवरा एकदा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "जळतेच आहेस, तर राख तरी कुंडीत टाक. पोटॅश मिळेल."

आता बागफेरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्या नियमापायी. आमच्या भागात सातआठ मराठी घरं. थंडीच्या दिवसांत, रविवारी रूथताई चर्चमधून परत आल्या की अकराच्या सुमारास आम्ही कुणा एकाची बाग बघायला जायचो. धुकं नुकतंच विरलेलं असायचं, ऊन पाठीवर घ्यावंसं वाटणारं, कुणीतरी तीळगुळाची गजक आणलेली, कुणी भाजलेल्या शेंगा. दुसऱ्याच्या बागेत हिंडण्यात जे सुख आहे ते स्वतःच्या बागेत नाही. स्वतःच्या बागेत फक्त कामं दिसतात. दुसऱ्याकडे नुसतं बघायचं, वास घ्यायचा, आणि मनातल्या मनात आपल्याकडे काय न्यायचं ते ठरवायचं. ही फेरी रूथताईंनी सुरू केली होती आणि तिचा नियमही त्यांचाच. कौतुक चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. आत आलेल्या प्रत्येकाने बागेतली एक तरी खोट दाखवायची, आणि ती मालकाच्या तोंडावर. खोट न सांगता कुणी चहा प्यायचा नाही. "नातेवाईक येतात आणि 'छान दिसताय' म्हणून जातात," त्या सांगायच्या, "पेशंटला त्याचा काय उपयोग? ताप आहे हे सांगणारा माणूस पाहिजे."

हा नियम त्या परक्या बागेतही पाळायच्या. नोएडात एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांचे डेलिया प्रसिद्ध होते. त्यांच्याकडे आम्हाला कुणीतरी ओळखीने नेलं. मी अर्धा तास स्तुती केली. वाह, क्या बात है, ऐसा रंग तो कहीं देखा नहीं, माझी सगळी हिंदी संपली. रूथताई हात पाठीमागे बांधून रांगांमधून फिरत होत्या. त्या कधी कुठल्या झाडाला हात लावायच्या नाहीत, कुठली फांदी मागायच्या नाहीत. निघताना फक्त म्हणाल्या, "ब्रिगेडियरसाहब, तीसरी लाइन में घोंघे लगे हैं. पत्ते नीचे से देखिए." साहेब वाकले, पान उलटलं, खाली गोगलगायी चिकटलेल्या बघितल्या, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलले. मला बिस्किट मिळालं. रूथताईंना वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन कंद. परत येताना ऑटोत मी खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांनी एक कंद माझ्या मांडीवर ठेवला, तर तो मला आणखीच जड वाटला.

रूथताईंच्या गच्चीवरच्या फेरीची मी आठवडाभर तयारी करायची. खोट शोधण्यात माझ्याइतकं तरबेज कुणी नव्हतं, कारण माझ्याइतकं कुणी बघतच नव्हतं. गुलाबाची छाटणी एक डोळा वर झालीय. अबोलीच्या मुळाशी मुंग्या आहेत, म्हणजे मावा असणार. मिरचीला ऊन आहे पण वारा नाही. मी मोठ्या समाधानाने सांगायची, बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि रूथताई शांतपणे वहीत लिहून घ्यायच्या. पुढच्या वेळी ती खोट नाहीशी झालेली असायची. मी जळून जळून त्यांचीच बाग सुधारत होते, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आणि हेही, की त्या माझी वाट बघायच्या. "मंजू आली का? मग आता खरं कळेल," असं त्या सगळ्यांसमोर म्हणायच्या आणि मला तो टोमणा वाटायचा.

मग सोनचाफा फुलला. निळ्या ड्रममध्ये लावलेला तो सोनचाफा त्यांच्या भाचीने, शेरनने, कोकणातून आणला होता. गाझियाबादच्या मे महिन्यात लूचा गरम वारा सुटला की त्याच्याभोवती ओलं पोतं, जानेवारीत जुनी चादर. पाच वर्षं नुसती पानं. मी दर फेरीला सांगायची, हा इथे फुलायचा नाही, आणि त्या लिहून घ्यायच्या. सहाव्या वर्षी पावसाळ्यात, एका सकाळी मी डोळे उघडले तर खोलीभर तो वास. माहेरचा, ओट्यावरच्या परडीतला, आईच्या वेणीतला. मी उठून बसले आणि मला रडू आलं, आणि रडताना कळलं की हे आनंदाचं नाहीये. फूल रूथताईंच्या गच्चीवर आणि वास माझ्या उशीवर. पहिल्या दिवशी दोनच फुलं उमलली होती. एक त्यांनी चर्चमध्ये नेलं. दुसरं वाटीत घालून माझ्याकडे पाठवलं. ते फूल मी फ्रिजवर ठेवलं आणि सुकू दिलं.

त्याच आठवड्यात माझ्या बेडरूमच्या छताला ओल आली. ताटाएवढा डाग. सोसायटीचे सेक्रेटरी त्यागीजी बघायला आले, मान वर करून म्हणाले, ऊपर सिस्टरजी का जंगल है, और क्या होगा. त्यांना गच्चीवरचे ते ड्रम आधीपासूनच खुपत होते, फक्त कुणाची लेखी तक्रार नव्हती. त्यांनी कागद तयार करून आणला. मी वाचला, आणि सही केली. मला खात्री होती असं मी अजून म्हणू शकते, पण खात्री करून घ्यायची मला इच्छा नव्हती, हे जास्त खरं आहे.

चार दिवसांनी प्लंबर आला. भिंत फोडली तर आत टाकीकडून माझ्याच बाथरूमला येणारा पाइप गळत होता. गच्चीचा काही संबंध नाही, असं तो दोनदा म्हणाला. पाइप बदलला, डाग वाळत गेला. मला फक्त तीन मजले उतरून त्यागीजींना एवढं सांगायचं होतं. मी ठरवलं, मीटिंगमध्ये सांगू. मीटिंगच्या दिवशी मला ऑफिसात उशीर झाला. मग ठरवलं, रविवारी सांगू. तेवढ्यात रूथताईंना नोटीस गेली. पंधरा दिवसांत गच्चीवरचे ड्रम आणि मोठ्या कुंड्या हलवाव्यात, सोबत तक्रारीची प्रत.

त्या पंधरा दिवसांत रूथताईंनी मला दोनदा अळूची पानं पाठवली. मी दोन्ही वेळा वड्या केल्या. घशाखाली उतरत होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे.

मग त्यांनी बागफेरी बोलावली. सप्टेंबरात, उकाड्यात, थंडीची वाट न बघता. फक्त मराठी घरं नाहीत, सगळी सोसायटी. गच्चीवर कुंड्या रांगेत लावलेल्या, प्रत्येकीत काडी, काडीवर घराचा नंबर, आणि दोऱ्याने बांधलेलं एक कार्ड. किती पाणी, किती ऊन, काय चालत नाही. "डिस्चार्ज आहे आज," त्या म्हणाल्या. भल्लाजींना गुलाब गेला. पहिल्या मजल्यावरच्या मिसेस नायरना कढीपत्ता, त्या पदराने डोळे पुसत होत्या. आणि सोनचाफा, तो निळा ड्रम, चार माणसं लावून खाली नेला तो त्यागीजींच्या अंगणात. त्यागीजी हात जोडून उभे होते, मान खाली. लाज वाटायच्या आधी मला तो ड्रम हवा होता.

माझ्या नंबरची काडी वॉर्डमध्ये होती. दीड वर्षापूर्वी मी दाखल केलेला माझाच अनंत. दाट, हिरवागार झाला होता. "तुझा पेशंट बरा झाला," रूथताई म्हणाल्या. "घेऊन जा." बाकी सगळ्यांना त्यांनी आपलं काहीतरी दिलं होतं. मला माझंच परत दिलं.

लोक उतरून गेले तशी मी थांबले. रिकाम्या गच्चीवर कुंड्यांचे गोल गोल डाग राहिले होते. मी म्हणाले, "ताई, गच्चीचं नव्हतं. पाइप होता."

"माहीत आहे. प्लंबर कॉक बंद करायला माझ्याकडेच आला होता."

मला वाटलं मी ऐकण्यात चुकले. मग मी जे विचारलं ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी विचारलं, "मग तुम्ही त्यागींना का नाही सांगितलंत?" जणू चूक त्यांची होती.

"तक्रार तुझी होती. मी पंधरा दिवस वाट बघितली, तू वर येशील म्हणून." त्यांनी पदराचं घड्याळ उगाच सरळ केलं. "तुला खोट दिसली होती ना, मंजू? मग मला सांगायची. इतकी वर्षं मलाच सांगत होतीस."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. मला भांडायला फार सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यागीजींकडे जाऊन तक्रार मागे घेतली. ते कपाळाला हात लावून म्हणाले, अरे, आप पहले बता देतीं. मी वर जाऊन रूथताईंना सांगितलं की सगळं परत आणता येईल, मी स्वतः एकेकाच्या घरी जाऊन आणते. त्यांनी मान हलवली. दिलेलं मागायचं नसतं, म्हणाल्या, आणि आता माझे गुडघेही नाही म्हणतायत. त्या हिवाळ्यात बागफेरी झाली नाही. डिसेंबरात त्या फ्लॅट भाड्याने देऊन दिल्लीत मुनिरकाला शेरनकडे राहायला गेल्या. ती तिथून जवळच्या विद्यापीठात शिकवते. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी ऑफिसात होते. हे मात्र मी मुद्दाम ठरवलं नव्हतं, असं वाटतं.

फेब्रुवारीत मी त्यांना भेटायला गेले. मुनिरकाची ती गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांतून हात मिळवता यावेत, वर तारांचं जाळं, ऊन म्हणाल तर दुपारी अर्धा पाऊण तास. मी वाटेत मनाशी सारखं म्हणत होते, इथे काय उगवणार. खरं सांगायचं तर ते म्हणताना मला जरा बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःची शरमही. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर शेरन म्हणाली, मावशी छतावर आहे, घरमालकिणीकडे.

छतावर भाजीपाला होता. थर्मोकोलच्या खोक्यांत पालक, मेथी, मुळा, फुटक्या बादलीत वांगं. मुनिरका हे गाव शहरात बुडालं त्याच्या आधीपासून शेती केलेली ती घरमालकीण, सत्तरीची, डोक्यावरून ओढणी घेतलेली, रूथताईंसमोर उकिडवी बसून एका खोक्यातली माती उपसत होती. "यो के मिला दिया तन्ने, रूथ? सारी जड़ गला दी," मुळं कुजवली म्हणून ती फणकारली. आमच्या सोसायटीत सेक्रेटरीपासून झाडूवाल्यापर्यंत कुणाची त्यांना नुसतं रूथ म्हणायची टाप नव्हती. रूथताई हसत होत्या. दात दिसतील अशा. अकरा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला खुर्ची दिली. नवऱ्याची, मुलीची, ऑफिसची चौकशी केली. मी फोन काढून माझ्या अनंताचा फोटो दाखवला. मी पान आणि पान त्यांच्या कार्डाप्रमाणे सांभाळलं होतं, पण वरच्या दोन फांद्या पिवळ्या होत्या, आणि मी तो फोटो मुद्दाम त्याच बाजूने काढला होता. माझी इच्छा होती की त्यांनी चष्मा नाकावर ओढावा आणि मला झापावं. लोह कमी आहे म्हणावं, किंवा पुन्हा बुडवलंस का म्हणावं, काहीही म्हणावं. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन मला परत दिला.

मी चहा घेतला आणि निघाले. गल्लीत उतरून वर पाहिलं तर छताच्या कठड्यावर दोन पाठी दिसत होत्या, एक ओढणीतली, एक साडीतली, एकाच खोक्यावर वाकलेल्या. घरमालकीण हात नाचवून काहीतरी नावं ठेवत होती आणि रूथताई मान डोलावत ऐकत होत्या. त्या वाकून बघतील म्हणून मी थोडा वेळ उभी राहिले. मागून एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला तेव्हा बाजूला सरकले. त्या पालकात बघण्यासारखं काही नव्हतं, मुळा तर किडकाच होता. तरी मी मेट्रो स्टेशनपर्यंत जळत गेले, त्या म्हातारीवर.